संदर्भ

हॅलिवेल साहेबाचा अख्खा जन्म मी टाइप केला आहे,
तीन कार्बनसकट.
जन्म डोर्सेट. बाविसाव्या वर्षी हिंदुस्थान,
धुळ्याला असिस्टंट कलेक्टर,
मराठीची परीक्षा, दुसऱ्या खेपेस पास.
मग बुशहर, मस्कत, आणि एका मार्चात
मनाम्याच्या धक्क्यावर दोन ट्रंका, एक टेनिसची रॅकेट,
जिच्या तारा दमट हवेनं
आठवड्यात सैल पडल्या.

मला तो बाबू म्हणे.
माझं आडनाव धैर्यवान.
ते मला शोभतं का, हा प्रश्न
मी कचेरीबाहेर ठेवीत असे, जोड्यांशेजारी.

दिवसा इंग्रजी. शेखांशी अरबी, दुभाष्यातर्फे.
मराठी फक्त ताप चढल्यावर.
जुलैत, गच्चीवर, ओल्या चादरीखालून
"बाबू, पानी खारं शे,"
धुळ्याच्या कुठल्या पट्टेवाल्याकडून उचललेलं.
मी सांगे, साहेब, हे समुद्राच्या पोटातल्या झऱ्याचं,
बुडी मारून मशकीत भरलेलं, गोडं आहे.
खारट तुमचं तोंड झालंय.

गाव मोत्यांचं. नाखुदा म्हणजे आपला नाखवाच,
फक्त याच्या वहीत मासे नसतात, माणसं असतात.
पाणबुड्यानं उचल घ्यायची, ती फिटायची नाही,
बाप मेला की पोरगा बुडू लागतो.
आणि काही तर विकतच घेतलेले.
ज्याला सुटायचं त्यानं एजन्सीच्या आवारात यावं,
झेंड्याच्या काठीला मिठी मारावी.
मग चौकशी, जबानी, दाखला:
आजपासून हा मोकळा.
असे सदतीस दाखले माझ्या हातचे.
सही साहेबाची, लांब शेपटीची.

सालमीन अडतिसावा.
खोल पाण्यानं कान गेलेले,
म्हणून साधं "हो"सुद्धा ओरडून म्हणायचा.
किती वाजता आला, साहेबानं विचारलं.
पहारेकऱ्याला घड्याळ कळत नव्हतं.
मी म्हणालो, साहेब, झुंजुमुंजु झालं होतं.
पेन थांबलं. "झुंजु काय?"
दोनदा म्हणून पाहिलं त्यानं,
पोर लिमलेटची गोळी या गालातून त्या गालात नेतं तसं.

दुपारी बुशहरची तार.
हंगाम तोंडावर, मालक वजनदार,
तूर्त दाखला देऊ नये.
साहेब खिडकीशी उभा राहिला.
चहावर साय धरली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला, टाइप कर.
केलं. तीन कार्बन.

काठीवरून सालमीनची बोटं सोडवायला
दोन शिपाई लागले.
या वेळी तो ओरडला नाही.

चार महिन्यांनी होड्या परतल्या,
किनाऱ्यावर बायका ढोल घेऊन आल्या.
मी त्या दिवशी कचेरीत जमाखर्च लिहीत बसलो,
जो आधीच लिहून झाला होता.

पुढे जपानी मोती आले, स्वस्त, गोल, शहाण्यासारखे.
वाळूतून तेल निघालं.
साहेबाला पदक मिळालं, शिफारस मीच टाइप केली,
"गुलामांचा कैवारी", आकडा सदतीस.
आकडा बरोबर होता.

परवा डोर्सेटहून पत्र आलं.
अक्षर थरथरतं. गुलाब, गुडघा, पाऊस,
आणि तळाशी, आडवं:
बाबू, मला झोप नाही. पहाटे जाग येते.
त्या वेळेच्या उजेडाला तू एक शब्द म्हणाला होतास,
भांडणासारखा काहीतरी. आठवत नाही.

दिवसभर पत्र खिशात घेऊन फिरलो.
रात्री एजन्सीच्या कागदावर, बालबोध अक्षरात लिहिलं:
झुंजुमुंजु.
खाली माझं आडनाव, पूर्ण.
वर डावीकडे, जुन्या सवयीनं,
संदर्भ: फाईल सहा, पान एकोणीस,
सालमीन बिन

पुढची जागा कोरी सोडली.
जबानीतही ती कोरीच होती.