ऐच्छिक

डे मॉइनमध्ये, सातव्या मजल्यावर,
माझ्या टेबलापासून खिडकी अकरा पावलं.
चष्मा काढला की खिडकी नसतेच,
भिंतीवर नुसता उजेड सांडलेला.

बोला, मी व्हर्लीन.
दिवसाला सत्तर माणसं. दात, गुडघे, मणके,
आणि मार्च लागला की डोळे.
कराचा परतावा हातात आलेला असतो,
वाटतं, या वर्षी तरी.

मी कलम नऊ, पोटकलम ड वाचते:
चष्म्याचा नंबर घालवण्यासाठीची लेसर शस्त्रक्रिया
ऐच्छिक समजली जाईल.
जाईल. कोण समजतं, ते वाक्यात नाही.
कर्ता कधीच जेवायला निघून गेलाय.

ओसिप क्वास्निकॉफ, कोडियाक, अलास्का.
मागे समुद्राची खरखर होती की लाइनची, कळेना.
म्हणाला, हॅलिबट ओढताना काचांवर मीठ बसतं,
बाहीनं पुसावं तर बाहीवरही मीठच.
लेन्स घालून पाहिल्या. गेल्या हिवाळ्यात डोळा सुजून हा एवढा.
तो खर्च दिलात तुम्ही, आठवतं?
मला आठवत नव्हतं. स्क्रीनला आठवत होतं:
बाराशे चाळीस डॉलर, मंजूर.
"म्हणजे बिघडला तर देता.
बिघडू नये म्हणून नाही."

मी म्हटलं, यादीतल्या दवाखान्यांत पंधरा टक्के सूट आहे.
तुम्हाला जवळचा, अँकोरेजचा.
"जवळचा," तो म्हणाला, आणि हसला.
विमानाचं भाडं ती सूट गिळून ढेकरही देणार नाही.

किती पडतील दोन्हीचे?
चार हजार सहाशे, साधारण.
त्याचे डोळे पांढरे झाले असतील;
फोनवर पांढरं दिसत नाही.
बराच वेळ नुसता वारा.
मग हळूच, मासळीबाजारात विचारावं तसं:
"आणि एकाचे?"

अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
यादीत एका डोळ्याची ओळच नव्हती.
मी कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला,
दोन हजार तीनशे, आणि का कोण जाणे
आवाज खाली आणून सांगितला,
जणू मीच चोरीचा माल विकतेय.

खरं तर त्याच्या आधीच्या वर्षी
जेवणाच्या सुट्टीत मी माझ्याच कंपनीला फोन लावला होता.
माझा नंबर उणे आठ. सकाळी आधी चष्मा चाचपते,
मग मुलीचा चेहरा.
तीन टेबलं पलीकडे घंटी वाजली. थॅडियसनं उचलला.
त्यानं मला ओळखलं, मी त्याला ओळखलं,
दोघांनी ओळख दाखवली नाही.
त्यानं कलम नऊ, पोटकलम ड
अगदी सावकाश वाचलं,
लहान मुलाच्या जखमेवरची पट्टी काढावी तसं.
शेवटी म्हणाला, आणखी काही मदत करू?
मी म्हटलं, स्टेपलर परत कर.
साठवलेले पैसे मुलीच्या दातांच्या तारांना गेले.
दातांचे निम्मे मिळतात.

ऑक्टोबरमध्ये ओसिपचा पुन्हा फोन.
पत्ता बदलायचा होता, बाकी काही नाही.
मी बदलला. मग नियमात नसलेलं विचारलं.
"उजवा केला मे महिन्यात," तो म्हणाला.
"बोयावरचा आकडा दिसतो. सीगलचे पाय दिसतात.
बायकोच्या हनुवटीवर एक व्रण आहे,
एकवीस वर्षं झाली लग्नाला,
म्हणते, तो होताच की."
आणि डावा?
"तो तुमच्याकडेच राहिलाय.
पुढच्या सालमनपर्यंत सांभाळा."

नोंदीच्या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं: डावा डोळा आमच्या ताब्यात.
पुसलं.
पत्ता बदलला, असं लिहिलं.

पार्किंगमध्ये गाडीत बसून चष्मा काढला,
बाहीनं पुसला. मग कुणी बघत नाही ना ते पाहून
(चष्म्याविना मला तरी काय दिसणार)
काचेला जीभ लावली.
नुसती धूळ. मक्याची.
इथून समुद्र सगळ्याच बाजूंनी लांब आहे.