एलर्ट होल्मवोगचा अंगठा

बावीस वर्षं मी त्याची खतावणी लिहिली,
म्हणून सांगतो, काटा तो मारत नसे.
नुसता अंगठा टेकवायचा, वजनांच्या पारड्याला,
चर्चच्या बाकावर टेकवावा तसा,
सहज.

बेट त्याचं, धक्का त्याचा,
मासे वाळवायच्या मांडवांखालचा खडकसुद्धा त्याचाच.
फेब्रुवारीत कॉड यायचा, मागोमाग होड्या,
आणि बोटांना भेगा पडलेली माणसं
वहीत आपापल्या घराची खूण काढायची :
कुणी गळ, कुणी उलटा नांगर,
ओलाउस स्कार्वेनेस नुसत्या तीन रेघा.
मीठ, दोर, राईचं पीठ,
बायकोसाठी मूठभर कॉफी.
बाकी पुढच्या साली.

राजधानीच्या सभेत आपल्याकडून कोण,
असं पाद्रीबुवांनी विचारलं
तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.
दुसरं कुणाकडे पाहणार? उधारी तिथेच होती.

पाच आठवडे बोट, मग घोडे.
नव्या कोटालाही माशाच्या तेलाचा वास;
क्रिस्तियानियाच्या बायका नाकाला रुमाल लावायच्या.
कलम आलं :
मच्छीमाराने आपला मासा वाटेल त्याला विकावा.
हा उठला. पाऊण तास बोलला.
बाप, लेकरं, वादळात कोण कुणाला सांभाळतं वगैरे.
त्याच्या शब्दाला वजन होतं.
वजन कसं येतं
ते गॅलरीत बसून मला एकट्याला ठाऊक.
कलम पडलं.

त्या हिवाळ्यात ओलाउसची होडी परतली नाही.
बेरेत आली, त्याचा शेवटचा मासा घेऊन,
मुलगा मागे, बापाच्या बुटांत.
तिने गठ्ठा तागडीत ठेवला.
एलर्टने हात पुढे केला,
आणि का कोण जाणे, खिशात घातला.

पारडं दाणकन खाली.
बेरेत दचकली.
"जास्त दाखवतंय," ती म्हणाली,
"मालक, पुन्हा बघा. मला चोरीचं नको."

तो बोलला नाही. दिव्याची काच पुसत राहिला,
स्वच्छ होती तरी.
मी आकडा लिहिला. शाई गोठली होती,
तोंडाच्या वाफेने ती सैल करावी लागली.

पुढच्या अधिवेशनात ते कलम परत आलं, म्हणे.
त्याचा हात कुठल्या बाजूला वर गेला, विचारू नका.
माझे डोळे तोवर गेले होते, मी बेटावरच राहिलो,
आणि अहवालात फक्त
बेरजा छापतात.