छाट

निपाणीच्या हवेत बारा महिने तंबाखूचा ठसका.
बदलून आलेले गुरुजी पहिला आठवडा शिंकतात,
मग त्यांनाही वास येईनासा होतो.
मला येत नाही. सतरा वर्षं झाली.

नववी ब. समाजविज्ञान, जेवणानंतरचा तास.
धडा न्यायाचा: पानं साडेतीन, चित्र एक.
मी फळ्यावर तागडी काढली.
मागून ईरण्णा कुडची ओरडला, बाई, तक्कडी!
वर्ग हसला. म्हटलं, दोन्ही लिहा वहीत.
आणि न्यायाला कन्नडमध्ये काय म्हणतात रे?
न्यायच की, बाई.
एवढ्या तंट्याच्या मुलखात
एक शब्द तरी वाटणीत फुटला नाही
याचं मला बरं वाटलं, आणि मी पुढं वाचत गेले,
ज्याचं त्याला मिळणं म्हणजे

स्नेहल दबडे उभी राहिली.
ती स्वतःहून कधी उभी राहत नाही.
मी उभी करते तिला, दाराबाहेर,
आठवड्यातून तीनदा, प्रार्थना चुकते म्हणून.

बाई, आमची आई हजार विड्या वळून देती.
चेकर मूठ भरून बाजूला काढतो.
म्हणतो, ही छाट.
पान फाटलंय, तोंड उघडं राहिलंय, कायबी.
पैसे नऊशेचे. कवा साडेआठशेचे.

मग ती छाट टाकून देतात का, कुणीतरी विचारलं.
न्हाई, ती म्हणाली. तीबी विकत्यात.

मी पुस्तक मिटलं.
ईरण्णाला टेबलामागं बसवला, चेकर म्हणून.
खडूचे तुकडे झाल्या विड्या.
पोरानं मान वर न करता पहिल्याच फेरीत मूठ मारली.
कुठं शिकलास रे हे?
बघितलंय की, बाई.
दुसऱ्या फेरीत मुलींनी त्याला मोजायला लावलं;
त्यानं मोजलं, आणि मोजून तेवढीच काढली.
तिसऱ्या फेरीला रझिया पटवेगार म्हणाली,
काढ किती काढायची ती.
पण छाट आमची. आम्ही घरी नेणार.
ईरण्णा थांबला.
हात टेबलावर तसाच, बोटं अर्धी मिटलेली.
मग त्यानं सगळ्या विड्या पास केल्या.

साडेतीन पानांत हे कुठंही नव्हतं.
मी खूश होते. खडू उचलून
फळ्याकडं वळलेच होते, तर स्नेहल अजून उभी.

आणि हजेरीचं, बाई?

काय हजेरीचं?

पहाटे पान भिजवायचं, कातरायचं,
आईच्या मांडीपाशी ठेवायचं, मग मी निघते.
घंटेला नाक्यावर असते मी. रोज तिथंच.
पण शिवलिंगमामा चहा पिऊन घंटा देतात.
कवा आधी, कवा नंतर.
तुमी घड्याळ बघून लाल करता का घंटा ऐकून?

कुणी हसलं नाही.
खिडकीबाहेर बेळगावची गाडी गेली,
पाटीवरची अक्षरं मी उगाच वाचली, दोन्ही लिप्यांतली.
मग हजेरीपट उघडला.
जूनपासून एकेचाळीस लाल फुल्या.
एकही मोजून मारलेली नव्हती.
मान वर न करता.

घंटा ऐकून, मी म्हणाले.
बरं, ती म्हणाली, आणि खाली बसली,
जशी बाजारात भाव विचारून बाई पुढं निघते तशी.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर घड्याळ लावलं. माझ्या पैशाचं.
तिच्या फुल्या खोडायच्या तर शाई कुठली घ्यावी
हे मला ठरवता आलं नाही; त्या तशाच आहेत.

शनिवारी तिच्या आईबरोबर कारखान्यावर गेले.
चेकरनं माझ्या साडीकडं, पर्सकडं बघितलं,
बसायला खुर्ची दिली,
आणि एक एक विडी हातात घेऊन, उजेडात धरून, छाट काढली.
अकरा निघाल्या.
स्नेहलची आई परतताना काहीच बोलली नाही.
नाक्यावर फक्त म्हणाली, म्हंजे अकराच हुत्या व्हय.

पुढच्या शनिवारी शाळेत तपासणी होती.
मी गेले नाही.