निळवं, कोळवं, चिपटं

हर्षदीपच्या शाळेच्या शर्टाच्या तीन गुंड्या
टेलरनं लावून दिल्या, तीस रुपये घेतले
आणि वर विचारलं, घरी सुई नाही का ताई?
सुई होती.
ती कुणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न होता.

आम्ही दोघंही वसतिगृहातली.
सिद्धोधन सातवीपासून परभणीत, मी पाचवीपासून जिंतूरला.
घंटा झाली की ताट घेऊन रांगेत जायचं.
भाकरी भिंतीपलीकडून यायची,
पलीकडं डोकावायला मनाई होती.
पदवी झाली, नोकरी झाली, लग्न झालं,
आणि सेलूच्या भाड्याच्या दोन खोल्यांत
गॅस पेटवून
एकमेकांकडं बघत उभे राहिलो.

मसाल्याची पुडी, विकतचं लोणचं, पोळ्या बाईकडून.
नळ गळला की बादली, बादली भरली की प्लंबर.
अकरा वर्षं निभलं.
मग जूनमध्ये सिद्धोधनचं कंत्राट संपलं
आणि पोळा आला तरी नवं निघालं नाही.

शेजारी धुरपताबाई.
मोंढ्यात तीस वर्षं त्यांनी धान्य पाखडलं.
एका संध्याकाळी पायरीवर बसून येसर सांगितलं,
मी वहीत उतरवून घेतलं:
चिपटं ज्वारी, कोळवंभर हरभऱ्याची डाळ,
निळवं उडीद, धने 'आसे',
मिरची 'पोरगं खाईल तेवढी'.
घरी येऊन फोनवर निळवं शोधलं,
फोन म्हणाला, तुम्हाला निळं म्हणायचंय का?

'दोन निळव्याचं कोळवं गं माय,
दोन कोळव्याचं चिपटं, दोन चिपट्याचं मापटं,
मापटे दोन झाले की शेर.
यवढं बी शिकिवलं न्हाई का त्या शाळंत?'
आणि फडताळातून एक चेपलेलं पितळी माप
माझ्या हातावर ठेवलं.
हर्षदीपनं खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं
त्यात पाणी मोजलं,
किती टोपणं ते दारामागं खडूनं लिहून ठेवलं.
अजून आहे. पुसायचं नाही म्हणतो.

पहिल्या खेपेला सगळं एकत्र भाजलं.
खसखशीचा कोळसा, ज्वारी कच्चीच.
धुरपताबाईंनी वास घेतला,
पदरानं नाक पुसलं, बोलल्या नाहीत.
दुसऱ्या खेपेला एकेक जिन्नस वेगळा, मंद आचेवर.
सिद्धोधन उलथनं धरून तासभर उभा.
म्हणाला, ज्वारी भाजत आली की आवाज बदलतो.
मी कढईशी कान नेला.
खरंच बदलतो.

नळाचा वायसर त्यानं जुन्या चपलेच्या रबरातून कापला.
चार दिवस टिकला. मग दुसरा कापला.
भाकरी मला अजून गोल जमत नाही,
हर्षदीप तिला जिल्ह्यांची नावं देतो,
आज हिंगोली खाल्ली.
महिन्याचा हिशेब केला, सहाशे चाळीस वाचले,
त्यातले दीडशे दोरा, सुया
आणि जळलेल्या खसखशीत गेले होते.

थंडी पडायच्या आधी वाकळ शिवायला घेतली.
जुनेर पुरेना,
तेव्हा ट्रंकेच्या तळातून आमच्या दोन चादरी निघाल्या,
कोपऱ्यात न धुतल्या जाणाऱ्या काळ्या शाईचा नंबर.
त्याचा त्रेचाळीस. माझा एकशे अठरा.
नंबर आत दुमडू, मी म्हणाले.
तो काहीच म्हणाला नाही.
धुरपताबाई टाके बघत होत्या फक्त,
'दोरा आवळू नगं, कापड चुरमडतंय.'
हर्षदीप म्हणाला, वरच राहू द्या,
नाहीतर कुणाची बाजू कोणती कसं कळणार?

रात्री दिवा बंद केल्यावर
त्याचं बोट वाकळेच्या कोपऱ्यावरून फिरत होतं.
आई, एकशे अठरा म्हणजे तू ना?
हो म्हणाले.
पलीकडं
त्रेचाळीस घोरत होता.