तीननंतर

हाउन्स्लोत या आठवड्यात
विमानं तीननंतर पलीकडच्या धावपट्टीवर उतरतात.
म्हणजे माझ्याकडे तीन ते साडेचार.
मग शाळेतून सुटलेली पोरं, समोरचा कुत्रा,
आणि पाचला वरच्या इओआनाचं वॉशिंग मशीन.

मी कपाटात बसते.
डावीकडे यदुनाथचे थंडीचे कोट,
उजवीकडे माझ्या साड्या, बऱ्याचशा एकदाच नेसलेल्या,
पाठीशी डबल बेडची रजई.
जरीकाठ आवाज पितो
हे लग्नात देणाऱ्यांना ठाऊक नसावं.

माइक फेल्टमच्या एका मुलाकडून, तीस पौंडांत.
पॉडकास्ट काढणार होता म्हणे,
दोन भाग झाले, मग बोलायचंच संपलं.
स्टँड म्हणजे टेबललॅम्प, डोकं उडवलेला.
भरतकामाच्या रिंगवर ताणलेला पायमोजा:
प आणि फ त्यात अडकतात,
भ थोडा निसटतो.
भ कुणाचंच ऐकत नाही.

फ्रिज बंद करायचा,
आणि करताना गाडीची किल्ली आत ठेवायची, लोण्यावर,
म्हणजे परत चालू करायला विसरता येत नाही.
घड्याळ बाथरूममध्ये, टॉवेलात गुंडाळून.
पाइप मधूनच कण्हतात; त्यांना काय सांगणार.
फोनमधला तानपुरा एका कानात,
दुसरा कान मोकळा.

मिरजेत केसकरबाई म्हणायच्या,
श्वास घेतलेला दिसला तरी चालेल,
ऐकू येता कामा नये.
शेजारच्या दुकानात तानपुऱ्याचे भोपळे घासायचे,
दिवसभर खर्र खर्र,
आम्ही त्यातच षड्ज लावायचो.
तिथे कुणी रेकॉर्ड करत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी सॉफ्टवेअरला
या कपाटाची शांतता शिकवली.
दहा सेकंद गप्प बसायचं, ते ऐकतं,
आणि विचारतं, हे वजा करू?
कर, म्हटलं.
त्यानं शांतता वजा केली
आणि तिच्यासोबत माझा ह.
'म्हणे'चं 'मणे' झालं, 'नाही'चं 'नाई'.
त्याला कुठून कळावं
की आमच्याकडे श्वासालाही अक्षर असतं.
ते बटण बंद केलं
आणि आणखी एक रजई टांगली.

आज सतरावा टेक.
तीन वाजून अकरा मिनिटं.
छोटीच चीज, बागेश्रीतली, बाईंनी स्वतः बांधलेली.
कुठे छापलेली नाही.
आम्ही चौघी शिकलो होतो:
एक बडोद्यात, तिचा आवाज गेला,
एकीचा पत्ता नाही,
एक आता फोनवर फक्त गुडघेदुखीचं बोलते.
आणि मी, शाळेच्या किचनमध्ये
दोनशे ताटं वाढून आलेली.

संपेपर्यंत कुणी दार आपटलं नाही.
हेडफोन लावून ऐकलं.
धुतल्या तांदळासारखं.
चार मिनिटं नऊ सेकंदांवर, समेच्या जरा आधी,
टक्.

पाइप नव्हे.
परत लावलं. टक्.
हा आवाज मला पाठ आहे, एकतीस वर्षांचा,
रोज जिन्याच्या सातव्या पायरीवर येतो.
यदुनाथचा उजवा गुडघा.

दार उघडलं तर तो पॅसेजमध्येच,
बूट हातात, अंगावर डेपोचं जाकीट,
भिंतीला न टेकता.
कधीपासून?
"पहिल्या आलापापासून. हललो नाही, शपथ."

कापला मी तो टक्.
मागचा श्वास पुढे ओढून फट बुजवली,
बाईंनाही कळलं नसतं.
तुकडा मात्र टाकवेना.
त्याची वेगळी फाइल केली.
नाव: गुडघा.
लांबी: एक सेकंदसुद्धा नाही.

समोरचा कुत्रा भुंकला, म्हणजे साडेचार.
यदुनाथ चहासाठी दूध काढायला गेला
आणि तिकडूनच ओरडला,
अगं, किल्ली लोण्यात बुडालीय!