चार जी

महापे, एमआयडीसी. रात्रीचे पावणेदोन.
खाली गेटवर वॉचमनचा रेडिओ खरखरतोय,
वर माझ्यासमोर तुर्भ्याच्या एका शीतगृहाची तक्रार:
'कॅशला चार जी दिले,
प्रोग्राम म्हणतो काही दिलंच नाही.'

खरंच म्हणत होता.
लॉगमध्ये शून्य. गोल, निवांत, जेवून बसल्यासारखा.

फाइल उघडली. दोन हजार नऊची.
लिहिणारा कुणी आल्हाद केळुसकर, आता कुठं असतो कोण जाणे.
गुणाकाराच्या डोक्यावर त्याची टिप्पणी:
'एवढी मेमरी द्यायला कोण बसलंय!'

बसलंय रे बाबा.
बत्तीस बिटांच्या डब्यात चार जी ओतले की
सगळे काठावरून जातात, तळाला थेंब राहत नाही.
पाच ओतले असते तर एक तरी उरला असता.
जास्त मागणाऱ्याला थोडं मिळतं,
बरोब्बर मागणाऱ्याला काहीच नाही.

दादा फळबाजारात मापाडी होते.
कोपरखैरण्याच्या खोलीत, वहीच्या मागच्या पानावर
मला हिशेब शिकवताना म्हणायचे,
'माणूस आकडा बोलला की लगेच लिहायचं नाही.
आकडा संपतो तिथं बोट ठेव,
आणि पुढं काय येतंय ते ऐक.
पेटी? डझन? का शेकडा?
शेकडा म्हणाला तर विचार, कुणाचा.
राजापूरवाल्याचा एकशे चारचा, दुकानदाराचा शंभरचा.
मधले चार आंबे भांडणाचे.'

सीमध्ये ते बोट असतं. पॉइंटर म्हणतात.
अंक वाचता वाचता जिथं वाट अडते तिथं टेकतं.
हललंच नाही, तर समजावं की अंक नव्हताच,
कुणी नुसतंच 'जी' लिहून पाठवलंय,
हो जी, बरं जी म्हटल्यासारखं.

आल्हादनं बोट ठेवलं होतं. पण पुढं एकच अक्षर पाहिलं.
'दहा एमकखग' त्याला दहा एम वाटायचे.
मी तिथं आणखी एक डोळा बसवला:
अक्षरानंतर ओळ संपलेली असावी, नाहीतर परत जा.

मग पायऱ्या.
जीवर आलेला एमवर उतरतो, एमवरचा केवर,
दर पायरीला दहा बिट खांद्यावर चढतात.
मध्ये ब्रेक नाही.
वर लिहून ठेवलं, 'विसरले नाही, मुद्दाम गाळलाय',
नाहीतर उद्या कुणीतरी प्रेमानं घालेल.
आणि चढवायच्या आधी विचारायचं,
खांदा पेलणार आहे का.
कोसळल्यावर विचारून उपयोग नाही, हे दादांच्या
शेजारच्या फलाटावर एकदा सगळ्यांनी पाहिलं होतं.

राहिला के.
आमचा एक हजार चोवीसचा, डिस्क विकणाऱ्याचा हजाराचा.
मधले चोवीस कुणाचे ते मॅन्युअलमध्ये लिहिलं,
दोनदा, ठळक.

रुक्साना मुकादम पलीकडच्या टेबलावर
डब्यातलं शेवटचं कबाब संपवत होती.
न बघताच म्हणाली, 'उणे एक टाकून बघ.'
टाकलं.
वीस अंकी राक्षस उभा राहिला पडद्यावर.
लायब्ररीनं उणे चिन्ह बिनतक्रार घेतलं होतं
आणि कर्जदाराला सावकार करून सोडलं होतं.
'बघ,' ती बोट पुसत म्हणाली.
आणखी चाळीस मिनिटं गेली.

साडेचारला एकूण एकतीस चाचण्या हिरव्या.
बत्तिसावी मी नंतर घातली: रिकामी ओळ.
कुणीच काही मागितलं नाही तर काय द्यायचं
यावर आम्ही दोघी थोडं भांडलो.
शून्य नको, एवढ्यावर जमलं.

गेटबाहेर अशरफीलालची शेगडी पेटली होती.
'दोन,' मी म्हटलं.
दोन काय, त्यानं विचारलं नाही.
दोन कटिंग ठेवले,
म्हणजे हिशेबानं एकच चहा.
रुक्साना म्हणाली, बिस्किटाचं सांगितलंस का?
नव्हतं सांगितलं.