श्वास रोखून धरा

सकाळी महापालिकेच्या दवाखान्यात,
संध्याकाळी वाशीत, सेक्टर सतराच्या तपासणी केंद्रात
मी तेच वाक्य म्हणते :
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. रोखून धरा.
दिवसाला ऐंशी-नव्वद वेळा.
झोपेतही म्हणते, असं नवरा सांगतो,
आणि तो बिचारा श्वास धरून पडून राहतो
मी सोडा म्हणेपर्यंत.

दुर्गव्वा मुळे. वय विचारलं तर म्हणाली,
तुमीच लिवा बगून.
मी पन्नास लिहिलं.
तुर्भ्याच्या खाणीखालची वस्ती.
गळ्यातलं काढा म्हटलं, तर काढेना;
पोत वर ओढून दातांत धरली
आणि भिंतीला पाठ लावावी तशी
प्लेटला छाती लावून उभी राहिली.

रोखून धरा म्हटलं की खोकला.
चार वेळा फोटो हलला.
पाचव्यांदा स्वतःच म्हणाली,
"जमतंय, बाई. क्रशर चालू झाला की
आमी आसंच करतो, पदर तोंडात, दम आत.
फकस्त तितं कुनी सोडा म्हनत नाय."
मग खोलीच्या भिंतीवर थाप मारून पाहिली.
"जाड हाय. खडी आमचीच आसंल."

फॉर्मवर एक रकाना होता :
बिडी, सिगारेट, तंबाखू.
तिथं मी 'नाही' लिहिलं.
क्रशरला रकाना नव्हता.
फर्निचरवाल्याकडून उचलून आणलेल्या प्लायच्या तुकड्यांना,
चुलीत त्यांची जी निळसर ज्योत निघते तिला,
रात्री दोननंतर एमआयडीसीच्या बाजूने
जो वास उतरतो, त्याला
कागदावर जागा नव्हती.

सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊन आली होती.
लघवी लाल व्हायची,
म्हणून औषध लागू पडतंय असं घरच्यांना वाटलं.

पडद्यावर उजवीकडे, वरच्या बाजूला, पांढरं.
मुठीएवढं.
"काय दिसलं?"
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
आम्ही सांगायचं नसतं.
रिपोर्ट उद्या.
उद्या म्हणजे खाडा, हे तिनं सांगितलं नाही,
बोटांवर काहीतरी मोजलं फक्त.

त्याच आठवड्यात संध्याकाळी निनाद कारखानीस.
पाम बीचला राहतात, कॉलेजपासून सिगारेट, रोजच्या बारा.
पन्नाशीनिमित्त बायकोनं तपासणीचं पॅकेज भेट दिलेलं.
सीटीत ठिपका, भिजल्या हरभऱ्याएवढा.
महिन्याच्या आत तो त्यांच्या छातीत नव्हता.
पेढे घेऊन स्वतः आले, जिना चढून,
माझ्या मुलीची चौकशी केली.
भला माणूस.
पेढा मी खाल्ला. गोड होता.
पेढ्याचा काय दोष.

दुर्गव्वाला खारघरला पाठवलं होतं.
आधारवर दुर्गाबाई, योजनेच्या कार्डावर दुर्गव्वा;
दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला
सात खाडे गेले.
त्यानंतरचे दिवस मी मोजले नाहीत.

संक्रांत होऊन गेल्यावर मुलगा आला,
केसांत पांढरी भुकटी, विशीचा असेल.
खिडकीशी थांबून थांबून बोलत होता,
मध्येच घसा खाकरत.
"आईचा फोटो राहिलाय तुमच्याकडं."
रिपोर्ट? आता तो कशाला, मी म्हणणार होते.
"घरात तिचा येकबी न्हाई. आधारवरचा हाय,
त्यात ती वळखू येत न्हाई."

ड्रॉवरमध्ये पाकीट होतं.
त्यानं फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली,
उलटी.
मी सरळ करून दिली.
बरगड्या, खांद्याची हाडं, मध्ये थोडं डावीकडं हृदय,
आणि ते पांढरं.
बराच वेळ बघत होता.
मागे रांगेतले लोक चुळबुळ करू लागले.
"हितं तिनं दम धरलाय न्हवं?"

हो, म्हटलं.
त्याला नंबर घ्यायला सांगावं, असं मनात आलं,
त्या खाकरण्यासाठी.
तोवर फिल्म गुंडाळून तो निघालासुद्धा,
पाळीवर पोचायचं होतं.

पुढचा माणूस शर्टाची बटणं काढत आत आला.
मी म्हटलं, हनुवटी वर.